शुक्रवारची घरभेट

सरकारला एकदा कुणाची काळजी वाटायला लागली की सगळ्यात आधी एक टेबल मांडलं जातं. हे टेबल शहराच्या कडेला वाढणाऱ्या बेसा वस्तीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मांडलं गेलं, पाण्याचा कूलर आणि जप्तीच्या मोटारसायकलींकडे उघडणारी खिडकी यांच्या मधल्या जागेत. वर पाटी लागली: ‘ईशान्य भारतीय नागरिक सहाय्य व संरक्षण कक्ष’. पाटी टेबलापेक्षा लांब निघाली. तिचं एक टोक कूलरच्या डोक्यावर गेलं आणि नवख्या माणसाला वाटायचं, संरक्षण कूलरलाच दिलं आहे.

झालं असं होतं की उन्हाळ्यात एका चहाच्या टपरीवर मणिपूरच्या दोन पोरांना चार टवाळांनी ‘चिनी, चिनी’ म्हणून चिडवलं, मग मारलं, आणि त्याचा व्हिडिओ लांबवर फिरला. वरून आदेश सुटले. प्रत्येक ठाण्यात कक्ष, कक्षात महिला कर्मचारी, एक खास मोबाइल नंबर, आणि हद्दीतल्या अशा प्रत्येक माणसाच्या घरी आठवड्यातून एक भेट. भेटीचा फोटो काढायचा. फोटोत दार दिसलं पाहिजे, गणवेश दिसला पाहिजे, आणि तो लगेच वरच्या ग्रुपवर पडला पाहिजे. दारांवर लावायला इतवारीतल्या छापखान्यातून स्टिकर छापून आले. निळे, चकचकीत, वर पोलिसांचं चिन्ह, खाली नंबर आणि मधे तीन भाषांत ‘आम्ही आपल्यासोबत आहोत’.

ठाणेदारांनी हे सगळं प्रेमिला गणवीरच्या गळ्यात घातलं. प्रेमिला हेड कॉन्स्टेबल होती. गुडघे गेलेले, निवृत्ती उंबरठ्यावर. बंदोबस्ताला उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून बसायचं काम. ‘मॅडम, आरामाची ड्युटी आहे,’ साहेब म्हणाले. आरामाची होतीच. तो खास मोबाइल कधी वाजायचा नाही. वाजला तर कर्ज पाहिजे का विचारणारी बाई असायची, आणि प्रेमिला तिच्याशीही जरा जास्तच वेळ बोलायची.

कारण घरी बोलायला कोणी नव्हतं. नवरा करोनात गेला. मुलगा प्रशिक आयर्लंडला, तिथल्या एका कंपनीत. रविवारी त्याचा फोन यायचा, ‘जेवली का’पासून सुरू होऊन ‘काळजी घे’पर्यंत यायचा आणि संपायचा. बेशातला दोन खोल्यांचा फ्लॅट दोघा नवराबायकोंनी कर्ज काढून घेतला होता, आणि आता तिला त्यातली एक खोलीही जास्त वाटत होती. दिवसभर ती बोलायची खूप. पण ‘लायसन दाखवा’, ‘इथं सही करा’ आणि ‘साहेब जेवायला गेले’ याला काही बोलणं म्हणत नाहीत.

हद्दीत अशी माणसं थोडीच निघाली. त्यातली बरीचशी तोवर खोली सोडून गेली होती, काहींनी पोलिसांची गाडी पाहून दारच उघडलं नाही. दार उघडलं ते एका पोरीनंच. ती मिझोरामची होती. कागदावर तिचं नाव लालरेमरुआती होतं, आणि ते वाचताना प्रेमिलाची जीभ दोनदा घसरली तेव्हा पोरगीच हसून म्हणाली, ‘रेमी बोलिए, मैडम. ऑफिस में सब रेमी बोलता है.’

रेमी मिहानच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत कामाला होती. मधुकररावांच्या तीनमजली घरात गच्चीवरच्या एका खोलीत राहायची. मधुकररावांची शेती याच बेशात होती. ती प्लॉटवाल्यांना गेली आणि तिच्यातून हे घर उभं राहिलं. तरी माणूस अजून सकाळी उठून आधी आभाळाकडे बघायचा. पहिल्या भेटीला गाडी दारात थांबली, ड्रायव्हर अंकुशनं सवयीनं वरचा दिवा चालूच ठेवला, आणि मधुकरराव बनियनवर बाहेर आले.

‘काय झालं मॅडम? काई लफडं?’

‘काई नाई भाऊ. सरकारी भेट आहे. वर ते पोरगी राहते न, तिच्या संरक्षणासाठी.’

‘संरक्षण? कोनापासून?’

या प्रश्नाचं उत्तर आदेशात नव्हतं. प्रेमिलानं फाटकावर स्टिकर चिकटवला, हातानं नीट दाबून बसवला, आणि जिना चढायला घेतला. मधुकररावांची नजर मात्र तिच्या छातीवरच्या नावपट्टीवर जाऊन आली होती. ती तिला न बघताही कळली. ‘गणवीर’ वाचून माणूस मनात जो हिशेब करतो, तो तिला नवा नव्हता. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तरी तिच्या लग्नानंतर शहरात खोली शोधताना चांगल्या चांगल्या घरांतून ‘आडनाव काय म्हणाल्या?’ झालं की खोली कालच गेलेली असायची. एके ठिकाणी तर हातात किल्ली दिलेली परत घेतली होती. म्हणून या कामावर बाकी सगळे हसत असले तरी ती मनातून हसत नव्हती. तेव्हा आपल्या बाजूनं असं कोणी गाडी घेऊन आलं असतं तर, असं तिला प्रत्येक पायरीवर वाटत होतं.

वर रेमी दारात उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

‘मैडम, मैंने कुछ किया?’

‘अरे नहीं बेटा. तुम्हारे लिएच आए हम.’

फोटो निघाला. पहिल्याच फोटोत रेमीचे डोळे मिटलेले आले, दुसऱ्यात प्रेमिलाचे. तिसरा बरा आला आणि ग्रुपवर गेला. काम झालं होतं, उतरायचं होतं. पण गुडघ्यात कळ आली आणि प्रेमिला तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली. पोरीला वाटलं, पाहुणी बसली. तिनं चहा ठेवला. दूध नाही, गूळ घातलेला काळा चहा.

‘हमारे घर में ऐसा पीता है. आपको नहीं चलेगा तो दूध लाती.’

प्रेमिलानं घोट घेतला. हा तर तिच्या आईचा कोरा चहा होता, भंडाऱ्याकडच्या गावातला, चुलीवरचा. आई गेल्यापासून असा चहा तिला कोणी करून दिला नव्हता, आणि स्वतःसाठी करायला तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं कप संपवला आणि आणखी अर्धा मागितला. खाली अंकुशनं दोनदा हॉर्न वाजवला. ‘थांब न गा!’ तिनं गच्चीवरून ओरडून सांगितलं, आणि सगळ्या गल्लीनं वर पाहिलं.

तेव्हापासून शुक्रवार हा शुक्रवार राहिला नाही. रेमीची सुटी शुक्रवारी असायची, ठाण्याची गाडीही त्याच दिवशी मोकळी मिळायची. आदेशात लिहिलेली भेट फोटोपुरती होती. प्रेमिलाची भेट हळूहळू तासाभराची झाली. गुरुवारी संध्याकाळी ती मंडईत जाऊन काहीतरी आणायची आणि शुक्रवारी सकाळी डबा भरायची. एकदा भीतभीतच तिनं सुकटीची चटणी नेली. लसूण, लाल तिखट आणि खरपूस भाजलेली सुकट. आपल्या फ्लॅटमध्ये ती करायची तर प्रेमिला आधी सगळ्या खिडक्या लावून घ्यायची, कारण समोरच्या ब्लॉकमधली बाई नाकाला पदर लावून जिना उतरायची. रेमीनं डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि चक्क डोळ्यांत पाणी आणलं.

‘मैडम, हमारे उधर भी सूखा मछली खाता है. इधर मैं नहीं पकाती. मकान वाली आंटी बोलती है नीचे तक बास आता है.’

मग दोघींनी खिडक्या लावून घेतल्या आणि भातावर चटणी घेऊन जेवल्या. हसल्याही. कुठल्याही सरकारी आदेशात नसलेलं हे कलम त्या दोघींनी आपलं आपण घातलं होतं.

प्रेमिलानं तिला मराठी शिकवायचं मनावर घेतलं. ‘काहून’, म्हणजे ‘का’, हे पोरीनं झटकन उचललं आणि मग ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी काहून लावायची. बाकी मराठी काही पुढं सरकलं नाही. रेमी आपल्या गावाबद्दल सांगायची. डोंगरात घर, खाली ढग, रविवारी सगळं बंद आणि सगळे चर्चमध्ये. प्रेमिला प्रशिकबद्दल सांगायची. तिकडे रस्त्यात हिंदुस्थानी पोरांना मारतात असं टीव्हीवर दाखवलं तेव्हा तिला कशी झोप लागली नाही, आणि तो कसा नुसता ‘काही नाही गं आई’ म्हणाला. ‘वो झूठ बोलता है,’ रेमी म्हणाली. ‘मैं भी अपनी मम्मी को यही बोलती.’ हे ऐकून प्रेमिलाला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. निदान आता खरं सांगणारं कोणीतरी होतं.

ठाण्यात तिचं कौतुक झालं. दर आठवड्याला न चुकता फोटो टाकणारा हा एकच कक्ष होता. वरून अंगठे आले, ‘उत्कृष्ट’ असा शेरा आला. साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तर आमची लाज राखली.’ प्रेमिलाला पहिल्यांदाच वाटलं की इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो. त्या कौतुकाच्या भरात ती मधेच एखाद्या मंगळवारी, एखाद्या सोमवारीही गाडी वळवून रेमीकडे डोकवायला लागली. ‘राउंडच आहे,’ असं ती अंकुशला सांगायची. अंकुश काही म्हणायचा नाही. फक्त दिवा लावायचा.

गल्ली बघत होती. समोरच्या दुकानदारानं रेमीला उधारीवर दूध देणं बंद केलं. मधल्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईनं आपल्या लेकीला ‘वर जायचं नाही’ म्हणून दटावलं. ही लेक पायल आधी गच्चीवर अभ्यासाला यायची आणि रेमीकडून इंग्रजीचे धडे करून घ्यायची. रेमीनं हे सगळं प्रेमिलाला सांगितलं नाही. ती फक्त दार थोडं हळू उघडायला लागली, आणि फोटोच्या वेळी एकदा म्हणाली, ‘मैडम, अंदर से फोटो लें? बाहर सब देखता है.’ प्रेमिलानं तिला समजावलं की दार दिसलंच पाहिजे, नाहीतर वरचे भेट धरत नाहीत.

दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी ती डबा घेऊन गेली तर रेमीच्या खोलीत पेट्या बांधलेल्या होत्या. पलंगावर घडी केलेले कपडे. पोरगी खुर्चीवर बसून होती, चहाही ठेवला नव्हता.

‘अंकल ने बोला, महीना खतम होने के पहले खाली करो.’

‘काहून?’ प्रेमिलाच्या तोंडून निघालं. यावेळी पोरगी हसली नाही.

प्रेमिलाचं डोकं फिरलं. तिची स्वतःची सगळी जुनी घरं, परत घेतलेली ती किल्ली, सगळं एकदम वर आलं. गुडघ्याची पर्वा न करता ती जिना उतरली, टोपी नीट केली आणि मधुकररावांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

‘पोरीले खोली खाली करायले सांगितली तुम्ही? कोणत्या कायद्यानं? तोंड वेगळं आहे म्हणून काढत असान तर मी आत्ता गुन्हा दाखल करते. सरकारनं हा कक्ष उगाच नाई काढला.’

मधुकरराव उठून उभे राहिले. घाबरले होते, पण खोटं बोलत नव्हते, हे तिच्या पोलिसी डोळ्याला लगेच दिसलं. म्हणून तर तिला पुढचं ऐकणं जड गेलं.

‘मॅडम, बसा. राग नका मानू. म्या कधी तिच्या तोंडावरून काई म्हनलं नाई. पोरगी चांगली आहे, भाडं येळेवर देते, मान खाली घालून जाते, मान खाली घालून येते. तिनं खोली घेतली तवा गल्लीत एक जन बोलला नाई. हां, मासळीच्या वासाचं आमची हे बोलली असंन एकदा. तेवढं चालते.’

‘मग काहून काढता?’

‘पोलीस येते न तिच्याकडे.’

प्रेमिला समोरच्या खुर्चीवर बसली.

‘दर शुक्रवारी गाडी येते. दिवा फिरते. घंटा घंटा उभी राहते. मधल्या वारीबी येते. फाटकावर तुमचा शिक्का लागला. फोटो निघून राहिले. लोकं मले विचारून राहिले, मधुकरराव, काय धंदा करते ते पोरगी? ड्रगचं आहे का? दुसरं काई आहे का? मी काय सांगू? संरक्षण म्हनलं तर हसते लोकं. म्हणते, चांगल्या माणसाच्या घरी पोलीस कायले येईन गा? माह्या पोरीच्या लग्नाची बोलणी चालू आहे मॅडम. पाव्हने आले त्या दिवशीच तुमची गाडी दारात होती. ते चहा न पिता गेले.’

मधुकररावांची बायको पार्वतीबाई आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली. ‘घ्या वं बाई,’ ती म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता. प्रेमिलानं पाणी घेतलं. तिच्या आडनावाच्या बाईला या घरात पाणी मिळालं होतं, आणि रेमीला तिच्यामुळे घर सोडावं लागत होतं. हे दोन्ही एकदम समजून घेणं तिला झेपेना.

‘गाडी बंद करते,’ ती म्हणाली. ‘शिक्काबी काढते. राहू द्या तिले.’

‘आता लोकाइच्या डोक्यातून कसं काढान मॅडम?’

फाटकावरचा स्टिकर तिनं आधी बाहेर जाऊन काढला. इतवारीवाल्यानं डिंक चांगला वापरला होता. नखांनी खरवडून अर्धाच निघाला, ‘सोबत आहोत’ तेवढं फाटकाला चिकटून राहिलं.

वर जाऊन तिनं रेमीला सगळं सांगितलं. पोरीला आधीच माहीत होतं. ती महिनाभर ते गिळून बसली होती. ‘आप अच्छे मन से आती थी,’ ती म्हणाली. ‘मैं कैसे बोलती मत आओ? इधर और कोई आता भी नहीं था.’ प्रेमिलाला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडली. रेमीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. संरक्षण कोण कुणाचं करत होतं, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात रेमीनं टेम्पो केला. प्रेमिला निरोपाला गेली नाही, जाऊन उपयोग नव्हता. फोनवर बोलली. ‘कुठं घेतली खोली?’ पोरगी म्हणाली, ‘सेट होकर फोन करती, मैडम.’ तो फोन आला नाही. प्रेमिलानं रोज कक्षाचा मोबाइल चार्ज केला, स्वतःचाही केला. कर्जवाल्या बाईचा फोन ती आता दुसऱ्या वाक्यालाच ठेवायची.

रविवारी प्रशिकचा फोन आला तेव्हा तिनं त्याला हकीकत सांगितली.

‘आई, इथंही मागे ते प्रकार झाल्यावर एक अधिकारी बाई आल्या होत्या. आम्हाला विचारायला, काही मदत हवी का. मी नाही म्हणालो.’

‘काहून?’

‘खालच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून बघत होती.’

मग त्यानं विषय बदलला, जेवण विचारलं, आणि फोन ठेवला. प्रेमिला बराच वेळ तो हातात धरून बसली. मुलगा किती गोष्टी सांगत नसेल याचा हिशेब तिला लागत नव्हता, आणि त्याच्या गावात त्याच्यासोबत जेवायला कोणी आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं.

शहाणपण एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण एकटेपणा शहाणपणाचं ऐकत नाही. थंडी पडली. ठाण्यात नव्या भाडेकरूंची माहिती आली, त्यात ते लांबलचक नाव तिला दिसलं. घोगलीकडची नवी वस्ती, मालकिणीचं नाव नंदिनी. हे नाव बघायचा तिला हक्क होता, पण पत्ता लक्षात ठेवायचा नव्हता. तो तिनं ठेवला.

सुटीच्या दिवशी तिनं गणवेशाला हात लावला नाही. मोतिया रंगाची सुती साडी नेसली, केसांना तेल लावलं, आणि सुकटीची चटणी केली. खिडक्या उघड्या ठेवून केली. गाडी नाही, अंकुश नाही, स्टिकर नाही. ऑटोनं जायचं, अलीकडच्या चौकात उतरायचं, चालत जायचं. अशी साधी बाई होऊन गेलं तर कोणाला काय कळणार आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. एखाद्या पोरीकडे एखादी ओळखीची बाई जाऊ शकते. जगात सगळीकडे जातात.

घर बसकं होतं, पुढे अंगण, अंगणात ऊन. फाटक लोटायच्या आधीच तिला हसणं ऐकू आलं. तुरीच्या शेंगांचा ढीग मधे टाकून दोघी सोले काढत बसल्या होत्या. एक तिशीची बाई, तीच नंदिनी असणार, आणि समोर रेमी. रेमीच्या मांडीवर स्टीलचं भगोणं होतं, त्यात हिरवेगार दाणे. नंदिनी काहीतरी सांगत होती आणि पोरगी मान मागे टाकून हसत होती. गच्चीवरच्या खोलीत खिडक्या लावून हसायची तसं नाही, मोकळं. प्रेमिलानं तिला असं हसताना कधीच बघितलं नव्हतं. तिचं मन भरून आलं. पोरगी सुखात आहे, हे बघून आता परत फिरावं, असंही तिच्या मनात आलं. पण फाटक वाजलं होतं.

रेमीनं वर पाहिलं आणि तिचा हात शेंगेवरच थांबला.

तो चेहरा प्रेमिला ओळखत होती. पहिल्या दिवशी गच्चीवर दारात दिसला होता तोच. तेव्हा तो पोलिसांना घाबरला होता. आज समोर पोलीस नव्हता, साडीतली एक म्हातारी होत चाललेली बाई होती, तरी तो तसाच पांढरा पडला.

नंदिनी उठून पुढे आली. ‘कोण पाहिजे वं काकू तुम्हाले?’

इतकी वर्षं प्रेमिलाला कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. दारात उभं राहिलं की खाकी सांगायची, नावपट्टी सांगायची. आज ती कोण होती? मावशी म्हणावं तर चेहरा जुळत नव्हता. मैत्रीण म्हणावं तर वय. ऑफिसची म्हणावं तर कुठलं ऑफिस? आणि ओळख कशी झाली, असं या भल्या बाईनं विचारलं, तर त्याचं खरं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर दिलं की या अंगणातलं ऊन गेलं असतं. तिनं हातातली डब्याची पिशवी नुसतीच ओट्यावर टेकवली. नंदिनीच्या कपाळावर हलकी आठी पडायला लागली.

मागून रेमी बोलली. मराठीत बोलली, चांगल्या इथल्या मराठीत, जी प्रेमिलाला तिला शिकवता आली नव्हती.

‘ताई, घर चुकलं वाटते त्याइचं.’

नंदिनीनं वळून रेमीकडे पाहिलं आणि मग प्रेमिलाकडे.

‘हाव वं,’ प्रेमिला म्हणाली. ‘गोपाळरावाइच्या घरी जायचं होतं. चुकलंच माह्यं.’

‘गोपाळराव? इकडं कोणी नाई त्या नावाचं. मागच्या लाइनीत असन. उन्हात चालत आले काकू, पाणी तरी घ्या. रेमी, पाणी आण वं.’

रेमी आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं देताना तिच्या बोटांचा प्रेमिलाच्या बोटांना स्पर्श झाला. बोटं थंड होती, तुरीच्या शेंगांचा ओला वास येत होता. पोरीनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींचंही बिंग फुटलं असतं, हे तिला कळत होतं आणि प्रेमिलालाही. पोरीचा तिला राग आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं. नवरा गेला त्या दिवशीही दारात माणसं होती. इतकं एकटं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं, आणि हे एकटेपण आपणच या पोरीसाठी सांभाळायचं आहे, हेही तिला त्याच क्षणी कळलं. तिनं पाणी सगळं प्यायलं, भांडं परत दिलं, आणि कुठलीही वयस्क बाई कुठल्याही अनोळखी पोरीला म्हणेल तसं म्हणाली, ‘सुखी राय.’

‘पिशवी राहिली न तुमची काकू,’ नंदिनी म्हणाली. ओट्यावर टेकवलेली डब्याची पिशवी तिनं उचलून दिली. झाकणातून वास येत होता. नंदिनी हसली. ‘सुकट आहे वाटते. चांगला वास येऊन राहिला.’

रेमी पुन्हा खाली बसली होती. तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे भगोण्यात टाकले आणि दुसरी उचलली. मान खालीच होती.

‘या हं काकू कधी इकडं आल्या तर,’ नंदिनीनं फाटकापर्यंत येऊन सांगितलं.

‘येते,’ प्रेमिला म्हणाली, आणि फाटक ओढून घेतलं.